लघवीतून जाणारं कॅल्शियम: मुतखडा, हाडं आणि चोवीस तासांचा कॅन

मुतखडा झाला की घरात पहिली गदा दुधावर येते. दूध बंद, दही बंद, टोमॅटोच्या बिया काढून टाकायच्या, वांगं आणि पेरूकडे बघायचं नाही. खडा कॅल्शियमचा, मग कॅल्शियम पोटात जाऊच द्यायचं नाही, असा हिशेब असतो. त्याची किंमत दोन ठिकाणी मोजावी लागते: खडा परत होतो आणि वर हाडं झिजतात.

साधारण दहापैकी आठ मुतखडे कॅल्शियमचे असतात आणि त्यांतले बहुतेक कॅल्शियम ऑक्झलेटचे (ऑक्झलेट म्हणजे पालक, अळू अशा काही पदार्थांतून पोटात जाणारं एक द्रव्य). असे खडे वारंवार होणाऱ्यांमध्ये सर्वांत जास्त सापडणारा दोष म्हणजे लघवीतून प्रमाणाबाहेर कॅल्शियम जाणं. डॉक्टर त्याला हायपरकॅल्शियुरिया म्हणतात. हा दोष मोजता येतो आणि बराचसा आटोक्यातही आणता येतो. पण तो मोजायचा कसा, हे नीट न कळल्यामुळे निम्मे रिपोर्ट वाया जातात. म्हणून या लेखात चोवीस तासांची लघवी गोळा करायच्या कॅनला जरा जास्त जागा दिली आहे.

नेमकं काय बिघडतं

मोठ्या माणसाच्या अंगात सुमारे एक किलो कॅल्शियम असतं. त्यातलं ९९ टक्के हाडांत आणि दातांत. उरलेल्या एका टक्क्यावर हृदयाचे ठोके, स्नायू, नसा चालतात, त्यामुळे रक्तातली पातळी शरीर फार काटेकोर सांभाळतं. कमी पडलं तर हाडातून काढून देतं.

मूत्रपिंडं रोज दहा ग्रॅमच्या आसपास कॅल्शियम गाळतात आणि त्यातलं ९८ टक्के परत रक्तात ओढून घेतात. दोन टक्के, म्हणजे सुमारे २०० मिग्रॅ, लघवीतून जातं. आता ९८ च्या जागी साडेशहाण्णव टक्केच परत आलं तर? लघवीतला आकडा ३५० मिग्रॅवर जातो. फरक दीड टक्क्याचा, पण खडे होणारा माणूस आणि न होणारा माणूस यांच्यात तेवढाच फरक असू शकतो.

दिवसाला बायकांमध्ये २५० मिग्रॅपेक्षा, पुरुषांमध्ये ३०० मिग्रॅपेक्षा, किंवा दोघांतही वजनाच्या दर किलोमागे ४ मिग्रॅपेक्षा जास्त कॅल्शियम गेलं, तर ते जास्त समजतात. किरकोळ बांध्याच्या माणसाला किलोमागचा हिशेब जास्त लागू पडतो. ४५ किलोच्या बाईचे २३० मिग्रॅ रिपोर्टवर 'नॉर्मल' छापून येतात, पण किलोमागे ते ५ च्या वर जातात.

बहुतेकांमध्ये कारण आनुवंशिक असतं. आतडं जास्त कॅल्शियम शोषतं, मूत्रपिंड जास्त सोडतं आणि हाडही थोडं जास्त देतं. एकाच माणसात तिन्ही गोष्टी कमी-जास्त असतात. वडिलांना खडे, काकांना खडे, भावाला खडे, अशी घरं आपण सगळ्यांनी पाहिलेली असतात. मात्र 'घराण्यातच आहे' असं म्हणून मोकळं होण्याआधी दुसरी कारणं वगळावी लागतात. गळ्यातल्या, रक्तातलं कॅल्शियम सांभाळणाऱ्या पॅराथायरॉइड ग्रंथी जास्त काम करणं, ड जीवनसत्त्वाचा अतिरेक, थायरॉइडचं काम वाढणं, फुप्फुसांत गाठी करणारा सारकॉइडोसिस, मूत्रपिंडाला आम्ल नीट बाहेर टाकता न येणं म्हणजे रीनल ट्युब्युलर अ‍ॅसिडोसिस, स्टेरॉइडच्या गोळ्या, महिनोन्‌महिने अंथरुणाला खिळणं, ही त्यांतली मुख्य.

एक गोष्ट इथेच सांगायला हवी, कारण पुढचे सगळे उपाय तिच्यावर बेतलेले आहेत. खडा होतो तो लघवीतल्या कॅल्शियमच्या दाटपणामुळे. हाड झिजतं ते दिवसभरात एकूण किती गेलं त्यामुळे. भरपूर पाणी प्यायल्यावर दाटपणा उतरतो, पण एकूण तेवढंच जात राहतं. म्हणजे पाणी खड्याला आवरतं, हाडाला नाही. मीठ कमी केल्याने दोन्ही साधतं.

पायरी पहिली: पडलेला खडा जपा

खडा पडायची वाट बघत असाल तर लघवी गाळून करा. चहाचं जुनं बारीक गाळणं किंवा पातळ मलमलीचं फडकं पुरतं. खडा सापडला की पाण्याने धुवायचा, सावलीत वाळवायचा, स्वच्छ कोरड्या डबीत ठेवायचा. टिश्यूत गुंडाळून ठेवलेला बारीक खडा टिश्यूसकट केरात जातो. ऑपरेशन करून काढला असेल तर निघण्याआधी मागून घ्या. तो आपोआप तपासणीला जातोच असं नाही. लॅबमध्ये 'स्टोन अ‍ॅनालिसिस' मागायचं, शक्यतो इन्फ्रारेड पद्धतीचं. खडा युरिक अ‍ॅसिडचा निघाला तर औषधाने विरघळू शकतो आणि सगळी दिशाच बदलते. कॅल्शियम ऑक्झलेटचा तयार खडा विरघळवणारं औषध नाही, मग ते काढा असो की सिरप.

कुळथाचं कढण घरोघर दिलं जातं, त्याने नुकसान नाही. फायदा होतो तो बराचसा त्यातल्या पाण्याचा. मात्र चवीसाठी चमचाभर मीठ टाकलं की तोही गेला.

कंबरेतल्या कळांबरोबर थंडी वाजून ताप आला, लघवी बंद झाली, उलट्यांनी पाणीसुद्धा पोटात ठरेना, किंवा एकच मूत्रपिंड असेल, तर हा लेख बाजूला ठेवून थेट इमर्जन्सी गाठायची. अडकलेला खडा आणि त्यात जंतुसंसर्ग, ही काही तासांत जिवावर बेतणारी गोष्ट आहे.

पायरी दुसरी: चोवीस तासांची लघवी

खडा पडून किंवा ऑपरेशन होऊन सहा आठवडे झाल्यावर ही तपासणी करा. दुखण्याच्या दिवसांत खाणं-पिणं नेहमीचं नसतं, त्यामुळे आकडेही नेहमीचे येत नाहीत. लघवीत इन्फेक्शन असेल तर आधी ते बरं होऊ द्या. बायकांनी पाळीचे दिवस टाळावेत.

लॅबमधून कॅन आणताना विचारा: यात अ‍ॅसिड आहे का? कॅल्शियम, ऑक्झलेट आणि सायट्रेटसाठी बहुधा हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड घातलेला कॅन देतात, म्हणजे कॅल्शियम तळाशी बसत नाही. युरिक अ‍ॅसिड आणि पीएचसाठी (लघवीच्या आम्लतेसाठी) मात्र अ‍ॅसिड चालत नाही, त्यासाठी वेगळा नमुना द्यावा लागतो. कॅनमधला तळाचा थेंबभर द्रव 'घाण आहे' म्हणून विसळून टाकणारे खूप असतात. टाकू नका. आणि थेट कॅनमध्ये लघवी करू नका. अ‍ॅसिड अंगावर उडून भाजतं. मगमध्ये करायची आणि हळू ओतायची.

१. सकाळी उठल्यावरची पहिली लघवी संडासात करायची. ती कॅनमध्ये घ्यायची नाही. घड्याळात बघून वेळ कॅनवर लिहायची, समजा ६.४०.

२. त्यानंतरचा प्रत्येक थेंब कॅनमध्ये. संडासला जाताना होणारी लघवीसुद्धा. आधी मगमध्ये लघवी, मग संडास.

३. दुसऱ्या दिवशी सकाळी ६.४० ला लघवी करायची आणि ती मात्र कॅनमध्ये घ्यायची. इथे संपलं.

४. कॅन थंड जागी, मुलांच्या हाताला लागणार नाही असा ठेवायचा. शक्य तितक्या लवकर पूर्ण कॅन लॅबमध्ये पोचवायचा.

लॅबने थोडाच नमुना मागितला असेल तर झाकण घट्ट लावून कॅन चांगला हलवा, एकूण मिली मोजून लिहून घ्या आणि मगच बाटली भरा. न हलवता वरवरचं भरलं तर कॅल्शियम खालीच राहतं आणि रिपोर्ट खोटा दिलासा देतो.

सर्वांत जास्त घोटाळा होतो तो पहिली लघवीही कॅनमध्ये घेतल्यामुळे किंवा शेवटची सोडून दिल्यामुळे. दुसरा घोटाळा मुंबईचा खास. कॅन सांभाळत विरार लोकलमध्ये कोण चढणार, म्हणून सगळे रविवारी गोळा करतात. रविवारी घरी असल्यामुळे पाणी दुप्पट पोटात जातं, जेवण घरचं असतं आणि रिपोर्ट देखणा येतो. खडा मात्र सोमवार ते शनिवार तयार होत असतो. म्हणून दोनदा करा: एकदा सुट्टीला, एकदा कामाच्या दिवशी. कामाच्या दिवशी रुंद तोंडाची, घट्ट झाकणाची लिटरभराची एक बाटली अपारदर्शक पिशवीत घालून नेली की पुरते. घरी आल्यावर कॅनमध्ये ओतायची. त्या दिवशी मुद्दाम पथ्य पाळायचं नाही आणि मुद्दाम तांब्याभर पाणीही ढोसायचं नाही. नेहमी जसं खाता तसंच.

कॅल्शियमसोबत क्रिएटिनिन, सोडियम आणि एकूण मिली हे तीन आकडे हवेतच. परवडत असेल तर सायट्रेट, ऑक्झलेट, युरिक अ‍ॅसिडही. नुसतं कॅल्शियम तपासून आणलं तर डॉक्टरला कारण कळत नाही.

पायरी तिसरी: रिपोर्ट वाचणं

समजा, ६४ किलो वजनाच्या चाळिशीतल्या माणसाचा रिपोर्ट असा आहे: एकूण लघवी १६०० मिली, कॅल्शियम २१ मिग्रॅ दर डेसिलिटर, क्रिएटिनिन दिवसाला १३०० मिग्रॅ, सोडियम २१० मिलिमोल, सायट्रेट २५० मिग्रॅ.

आधी क्रिएटिनिन बघायचं. ते स्नायूंतून रोज ठरावीक प्रमाणात येतं: पुरुषांत किलोमागे साधारण २० ते २५ मिग्रॅ, बायकांत १५ ते २०. वय झालेल्या, हडकुळ्या माणसांत कमी. इथे १३०० भागिले ६४ म्हणजे २०. गोळा करणं पुरं झालेलं दिसतं. हाच आकडा ७०० आला असता तर पुढचं काहीही न वाचता तपासणी पुन्हा करायची होती.

मग कॅल्शियम. काही लॅब नुसता दर डेसिलिटरचा आकडा छापतात. १६०० मिली म्हणजे १६ डेसिलिटर. २१ गुणिले १६ बरोबर ३३६ मिग्रॅ. किलोमागे सव्वापाच. जास्त आहे.

मग सोडियम, आणि खरी गंमत इथे आहे. खाल्लेलं जवळपास सगळं सोडियम लघवीतून बाहेर पडतं, त्यामुळे हा आकडा म्हणजे तुमच्या ताटाची झडती असते. १७ मिलिमोल म्हणजे एक ग्रॅम मीठ. २१० भागिले १७ म्हणजे दिवसाला १२ ग्रॅमच्या वर. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा ५ ग्रॅमची आहे. 'आमच्याकडे मीठ कमीच असतं' या वाक्याला या आकड्यापुढे उत्तर नाही.

मूत्रपिंडात सोडियम आणि कॅल्शियम एकमेकांच्या मागून चालतात. सोडियम बाहेर टाकायचं झालं की कॅल्शियमही त्याच्याबरोबर सुटतं. दर १०० मिलिमोल सोडियममागे, म्हणजे साधारण ६ ग्रॅम मिठामागे, ४० मिग्रॅ कॅल्शियम जास्त जातं. ज्यांना हा दोष आहे त्यांच्यात त्याच्या दुपटीपर्यंत. वरच्या माणसाने मीठ निम्म्यावर आणलं तर गोळी न घेता ३३६ चा आकडा तीनशेच्या खाली येण्याची चांगली शक्यता आहे. शिवाय कॅल्शियम तेवढंच राहून लघवी १६०० च्या जागी २५०० मिली केली तर दाटपणा २१ वरून १३ वर येतो.

राहिलं सायट्रेट. ते लघवीत कॅल्शियमला धरून ठेवतं आणि स्फटिक होऊ देत नाही. ३२० मिग्रॅच्या खाली असेल तर कमी समजतात. या माणसाचं कमी आहे.

याच सुमारास रक्ताच्या तपासण्या: कॅल्शियम, अल्ब्युमिन, फॉस्फरस, क्रिएटिनिन, सोडियम, पोटॅशियम, बायकार्बोनेट, युरिक अ‍ॅसिड, पीटीएच (पॅराथायरॉइड ग्रंथीचं हार्मोन) आणि २५-हायड्रॉक्सी ड जीवनसत्त्व. रक्तातलं कॅल्शियम वरच्या टोकाला आणि तरीही पीटीएच खाली गेलेलं नाही, असं दिसलं तर पॅराथायरॉइडचा शोध घ्यायचा. त्या ग्रंथीचं ऑपरेशन हा त्यावरचा मुळावरचा इलाज आहे आणि तो न करता माणसं वर्षानुवर्षं एकामागून एक खडे फोडून घेत राहतात. ड जीवनसत्त्व फार कमी असेल तर रक्तातलं कॅल्शियम नॉर्मल दिसून हा आजार झाकला जातो, म्हणून ड भरून काढल्यावर पुन्हा तपासावं.

पायरी चौथी: मीठ

मिठाचं पाकीट हाच घरचा सर्वांत खरा मीटर. चार माणसांच्या घरात, दररोज माणशी ४ ग्रॅम धरलं तर एक किलोचं पाकीट दोन महिने पुरायला हवं. बाहेरच्या खाण्यातलं मीठ वेगळं, म्हणून ५ न धरता ४ धरलं. पाकिटावर फोडल्याची तारीख लिहा. महिन्याच्या आत संपलं तर उत्तर मिळालं.

कमी करताना चव सर्वांत कमी बिघडेल तिथून सुरुवात करावी. कणकेतलं आणि भातातलं मीठ बंद. आठवड्यात कोणाला आठवतही नाही. ताटात डावीकडे वाढलेलं मीठ बंद. ताकात मिठाऐवजी जिरेपूड, आलं, कोथिंबीर. पापड आणि लोणचं रोजच्यातून सणावारावर. भाजी-आमटीतलं मीठ मात्र एकदम निम्मं करू नका, घरात बंड होतं. दर आठवड्याला थोडं उतरवत जायचं, जीभ तीन-चार आठवड्यांत जुळवून घेते. लिंबू, आमसूल, चिंच, ओलं खोबरं असलं की मिठाची उणीव कमी जाणवते.

बाहेर वडापावात तिघांचं मीठ असतं: वड्याचं, पावाचं आणि सुक्या चटणीचं. चटणी नको म्हणता येतं. फरसाण, वेफर्स, इन्स्टंट नूडल्स, सॉस, चायनीज भेळ, खारवलेली सुकी मासळी ही मिठाची कोठारं. ढोकळ्यातला खायचा सोडा आणि पित्तावर घेतलेला फसफसणारा सोडा हेही सोडियमच. सैंधव उपवासाला चालतं, मूत्रपिंडाला ते साध्या मिठाइतकंच. 'लो सोडियम' मिठात पोटॅशियम क्लोराइड असतं. क्रिएटिनिन वाढलेल्यांनी किंवा रक्तदाबाच्या काही गोळ्या घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते आणू नये.

पायरी पाचवी: कॅल्शियम खायचं, पण जेवणाबरोबर

२००२ मध्ये इटलीतल्या संशोधकांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला. वारंवार कॅल्शियम ऑक्झलेटचे खडे होणारे आणि लघवीतून जास्त कॅल्शियम जाणारे १२० पुरुष. साठ जणांना कॅल्शियम कमी असलेला आहार. साठ जणांना नेहमीइतकं, म्हणजे १२०० मिग्रॅ कॅल्शियम, पण मीठ आणि मांसाहारी प्रथिनं कमी. पाच वर्षांत पहिल्या गटात २३ जणांना पुन्हा खडा झाला, दुसऱ्यात १२ जणांना. दूध सोडणारेच जास्त अडकले.

कारण आतड्यात आहे. जेवणातलं ऑक्झलेट आणि कॅल्शियम आतड्यात एकमेकांना भेटले की तिथेच बांधले जातात आणि शौचावाटे निघून जातात. कॅल्शियम नसलं तर ऑक्झलेट मोकळं राहून रक्तात, तिथून लघवीत उतरतं. दूध तोडल्यावर पुढच्या रिपोर्टमध्ये कॅल्शियम जरा उतरलेलं दिसतं आणि सगळे खूश होतात, पण ऑक्झलेट कोणी तपासलेलंच नसतं. त्यात ज्यांना हा आनुवंशिक दोष आहे त्यांची गळती आहारातलं कॅल्शियम कमी केलं तरी पुरती थांबत नाही. काहींच्या बाबतीत तर खाल्लं त्याहून जास्त बाहेर पडतं. ते कुठून येतं? हाडांतून. रोज ५० मिग्रॅची तूट म्हणजे वर्षाला १८ ग्रॅम, किलोभराच्या साठ्यातून.

दिवसाला १००० ते १२०० मिग्रॅ हवं. त्याचा साधा हिशेब: २०० मिली गाईचं दूध साधारण २४० मिग्रॅ, दुपारी आणि रात्री वाटी-वाटीभर दही, प्रत्येकी सुमारे २०० मिग्रॅ, ६० ग्रॅम नाचणीच्या पिठाची भाकरी सुमारे २१० मिग्रॅ, उरलेलं डाळ, पोळी, भाज्यांतून. नाचणीतलं कॅल्शियम दुधाइतकं अंगी लागत नाही, म्हणून सगळी भिस्त तिच्यावर नको. दही किंवा ताक दोन्ही जेवणांच्या ताटात असावं, मधल्या वेळेला नाही. ऑक्झलेट जेवणात असतं.

कॅल्शियमच्या गोळीचंही तेच. रिकाम्या पोटी किंवा झोपताना घेतलेली गोळी ऑक्झलेटला न भेटता थेट शोषली जाते आणि लघवीत उतरते. अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीत रोज १००० मिग्रॅ कॅल्शियम आणि ड घेणाऱ्या पाळी गेलेल्या बायकांमध्ये खड्यांचं प्रमाण १७ टक्क्यांनी वाढलेलं आढळलं. हाडांसाठी गोळी लागलीच तर जेवणाच्या पहिल्या घासांबरोबर, ५०० मिग्रॅची, आणि सहा-आठ आठवड्यांनी लघवी पुन्हा तपासून.

६०,००० युनिटच्या ड जीवनसत्त्वाच्या पुड्या हा आपल्याकडचा वेगळाच प्रकार. आठवड्याला एक, असं आठ आठवडे सांगितलेलं असतं. चिठ्ठी तीच दाखवून माणसं दोन-दोन वर्षं घेत राहतात, काही जण तर आठवड्याऐवजी रोज. रक्तातलं आणि लघवीतलं कॅल्शियम दोन्ही चढतं, मूत्रपिंड निकामी होण्यापर्यंत गोष्ट जाते. कोर्स संपला की थांबायचं.

ऑक्झलेटच्या बाबतीत घाबरायचं ते मोजक्या गोष्टींना. पालक, अळू, बीट, राजगिरा, बदाम, काजू. अळू चिरताना हात खाजतात ते पानातल्या कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुईसारख्या स्फटिकांमुळे. फतफत्यात चिंच घालतात ती खाज मारायला, पण ऑक्झलेट त्याने जात नाही. पालक उकळून पाणी टाकून दिलं तर बराच भाग निघून जातो. टोमॅटोत ऑक्झलेट फार कमी असतं, बियांचा खड्याशी संबंध नाही; बिचाऱ्याला निष्कारण हद्दपार केलेलं आहे. उपवासाचं ताट मात्र बघण्यासारखं: शेंगदाणे, राजगिरा, रताळं आणि दिवसभर पाणी कमी. उपवास करायचा तर दह्याची वाटी आणि पाण्याचा तांब्या विसरू नये. क जीवनसत्त्वाच्या १००० मिग्रॅच्या गोळ्यांचंही शरीरात काही प्रमाणात ऑक्झलेट होतं.

मटण, चिकन, मासे, अंडी बंद करायची गरज नाही. दोन्ही वेळा ताटभर नको, इतकंच. त्यांचा आम्लभार हाड झेलतं, लघवीतलं कॅल्शियम वाढतं आणि सायट्रेट घटतं.

पायरी सहावी: पाणी, आणि मुंबईतली अडचण

किती प्यायलं यापेक्षा किती बाहेर पडलं ते बघा. दिवसाला अडीच लिटर लघवी झाली पाहिजे. ऑक्टोबरच्या उकाड्यात, फलाटावर आणि गर्दीच्या डब्यात घामच इतका जातो की त्यासाठी साडेतीन लिटर प्यावं लागतं. एसीत बसणाऱ्याला तीनही पुरतं. उठल्यावर दोन ग्लास, मग दर तासाला एक, झोपताना एक, रात्री लघवीला उठलात तर अर्धा. हृदय किंवा मूत्रपिंड कमकुवत असलेल्यांनी हे आकडे लावून घेऊ नयेत.

बायकांची अडचण पाण्याची नसून संडासाची आहे. डोंबिवली किंवा वसईहून दीड तास प्रवास करणारी बाई सकाळी मुद्दाम पाणी पीत नाही. मुंबईत 'राइट टू पी' (लघवीला जाण्याचा हक्क) नावाची चळवळ उगाच उभी राहिली नाही. व्यवस्था सुधारेपर्यंतचा मार्ग असा: निघण्याच्या दोन तास आधी दोन ग्लास, निघताना लघवी करून निघायचं, ऑफिसात पोचल्यावर लगेच दोन ग्लास, आणि संध्याकाळी निघण्याआधी तासभर थांबवून घरी आल्यावर उरलेला कोटा. दिवस कोरडा गेला तरी रात्र कोरडी जाऊ द्यायची नाही.

'नळाच्या पाण्याने खडे होतात' हे मुंबईत तरी पटणारं नाही. तानसा, भातसा, वैतरणा, विहार, तुळशी ही पावसावर भरणारी तळी आणि धरणं. पाणी हलकं असतं.

लिंबू सायट्रेट देतं. दोन लिंबांचा रस दिवसभराच्या पाण्यात वाटून घ्यावा. हॉटेलात 'स्वीट की सॉल्ट?' असं विचारतात तेव्हा उत्तर 'दोन्ही नको'.

पायरी सातवी: औषधं

मीठ-पाणी-दही यांना सहा ते आठ आठवडे देऊन चोवीस तासांची लघवी पुन्हा तपासायची. तरीही कॅल्शियम जास्त असेल आणि खडे परत परत होत असतील, किंवा हाडं विरळ असतील, तर डॉक्टर थायझाइड गटातली गोळी विचारात घेतात: क्लोरथॅलिडोन, इंडापामाइड किंवा हायड्रोक्लोरोथायझाइड. ही लघवीची गोळी असली तरी लघवीतलं कॅल्शियम कमी करते. फ्युरोसेमाइड ही दुसरी लघवीची गोळी नेमकं उलट करते, म्हणून शेजाऱ्याची गोळी आपल्याला चालेल असं समजू नये.

गोळी चालू आणि लोणचंही चालू, तर गोळी हरते. गोळीने रक्तातलं पोटॅशियमही उतरतं, आणि ते उतरलं की सायट्रेट घटतं. म्हणून सुरू केल्यावर काही आठवड्यांत सोडियम, पोटॅशियम, साखर, युरिक अ‍ॅसिड तपासायचं. वयस्कर बाईला गोळी सुरू झाल्यावर चक्कर, गोंधळल्यासारखं वाटलं तर त्याच दिवशी रक्तातलं सोडियम बघा. २०२३ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या ४१६ रुग्णांच्या चाचणीत हायड्रोक्लोरोथायझाइडने खडे परत होणं प्लासिबोपेक्षा, म्हणजे औषध नसलेल्या नुसत्या गोळीपेक्षा, विशेष कमी झालं नाही. तेव्हापासून ही गोळी सरसकट न देता निवडून दिली जावी, असं आमचंही मत आहे.

सायट्रेट कमी असेल तर पोटॅशियम सायट्रेट. इथे बाटलीवरचं लेबल वाचा. 'लघवीची जळजळ थांबवणारं' म्हणून दुकानात सहज मिळणाऱ्या बऱ्याच सिरपमध्ये डायसोडियम हायड्रोजन सायट्रेट असतं. सायट्रेट मिळतं, पण सोडियमसकट, आणि सोडियम म्हटलं की कॅल्शियम सुटलंच. जळजळीसाठी चार दिवस ठीक. खडे रोखायला महिनोन्‌महिने घ्यायचं ते पोटॅशियमचंच. खडा कॅल्शियम फॉस्फेटचा असेल तर लघवी फार अल्कधर्मी करणं उलटतं, म्हणून पीएचवर लक्ष हवं.

पायरी आठवी: हाडं तपासणं

खड्याचा रुग्ण युरॉलॉजिस्टकडे जातो, हाडाचा ऑर्थोपेडिककडे, आणि दोन्ही फायली एकमेकींना भेटत नाहीत. लघवीतून कॅल्शियम जास्त जाणाऱ्यांची हाडं सरासरीपेक्षा विरळ असतात आणि खडे होणाऱ्यांमध्ये फ्रॅक्चरही जास्त आढळतात. म्हणून पाळी गेलेली बाई, पन्नाशीपुढचा पुरुष, किंवा किरकोळ पडण्याने हाड मोडलेला कोणीही असेल, तर कमरेचा मणका आणि खुबा यांचा डेक्सा स्कॅन, म्हणजे हाडांची घनता मोजणारी तपासणी, करावा. टी-स्कोर (निरोगी तरुण हाडांशी तुलना) उणे १ ते उणे २.५ म्हणजे हाडं विरळ व्हायला लागली, उणे २.५ किंवा त्याखाली म्हणजे ऑस्टिओपोरोसिस. तरुणांमध्ये झेड-स्कोर, म्हणजे त्याच वयाच्या माणसांशी तुलना, बघतात. उंची दोन-तीन सेंटिमीटर घटली असेल तर पाठीचा एक्स-रेही. मणका न दुखता दबलेला असू शकतो.

उलट दिशेनेही तेच. ऑस्टिओपोरोसिसचं निदान झालेल्या बाईला कॅल्शियम-ड लिहून देण्याआधी एकदा चोवीस तासांची लघवी तपासलेली बरी, विशेषतः घरात कोणाला खडे झाले असतील तर. हाडांसाठी अ‍ॅलेन्ड्रोनेटची आठवड्याची ७० मिग्रॅची गोळी मिळाली असेल तर ती सकाळी उपाशीपोटी, ग्लासभर साध्या पाण्याबरोबर घ्यायची, पुढचा अर्धा तास आडवं व्हायचं नाही आणि चहासुद्धा घ्यायचा नाही. तिने लघवीतलं कॅल्शियमही थोडं उतरतं.

लहान मुलांत खडा नसतानाही लघवीतून रक्त, पोटात दुखणं, घडीघडी लघवी अशी सुरुवात होऊ शकते. चोवीस तास गोळा करणं जमत नसेल तर एकाच नमुन्यातलं कॅल्शियम आणि क्रिएटिनिन यांचं गुणोत्तर बघतात. मोठ्या मुलांत ०.२ च्या वर गेलं तर बालरोगतज्ज्ञांकडून पुढचा तपास. तान्ह्या बाळांत ते मुळातच बरंच जास्त असतं.

केईएम, नायर आणि सायन या पालिकेच्या रुग्णालयांत युरॉलॉजी विभाग आहेत. ओपीडीला जाताना खड्याची डबी किंवा तिचा रिपोर्ट, चोवीस तासांच्या लघवीचे दोन्ही रिपोर्ट, जुने सोनोग्राफी-सीटीचे कागद आणि सध्या घेत असलेल्या प्रत्येक गोळीचं, पुडीचं, सिरपचं पाकीट एका पिशवीत घालून न्यायचं. स्थिर झाल्यावर चोवीस तासांची लघवी वर्षातून एकदा, सोनोग्राफीही वर्षातून एकदा, डेक्सा दोन वर्षांनी.